बागलाण : नाशिकला शोधूनही न सापडणारं डोंगरी राज्य

ज्यांना पाऊण तास ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ काढलेत, बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवात एका खेळापासून करतो. गेल्या पावसाळ्यात ऑफिसमधल्या आम्ही चौघांनी एक टेबलटॉप गेम सुरू केला. नियम सोपा होता. एका मोठ्या कागदावर एक काल्पनिक जग काढायचं आणि प्रत्येकाने त्यातला एक प्रांत रचायचा. नकाशा, राजा, भाषा, देव, व्यापार, सगळं. एकाला समुद्रकिनारा आला, एकाला वाळवंट, एकीला नदीचं खोरं. मला आला डोंगराळ प्रांत.

मी रात्रभर बसून लिहिलं. सपाट माथ्याचे, चारी बाजूंनी कातळ तुटलेले डोंगर. त्यांच्यामधून जाणारी एकच मोठी वाट. एका टोकाला बंदर, दुसऱ्या टोकाला सुलतानांच्या राजधान्या. गडाच्या पायथ्याशी भरलेलं गाव, तिथे पाडलेलं स्वतःचं चांदीचं नाणं. आपला वंश थेट चंद्रापासून सुरू होतो म्हणणारे राजे. आणि रानात राहणारे लोक, ज्यांचा देव देवळात नसून डोंगरात असतो.

दुसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, “भारी आहे, पण जरा जास्तच होतंय. एवढं सगळं एका प्रांतात? आणि डोंगर आहेत तर बर्फ कुठंय?”

मी म्हटलं, “बर्फ नाही. करवंदं आहेत.”

सगळे हसले. मी त्यांना सांगितलंच नाही, की त्यात माझ्या मनाचं एक अक्षरसुद्धा नाही. तो प्रांत खरा आहे. नाशिकच्या सीबीएसवरून सकाळची एसटी धरली तर जेवणाच्या आत तिथे पोहोचता येतं. त्याचं नाव बागलाण. आणि माझ्या वडिलांचं गाव तिथलंच आहे, हेही मी त्या दिवशी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते शेवटी बोलू.

आधी डोंगर

आज ‘बागलाण’ म्हणजे नाशिक जिल्ह्यातला एक तालुका. तोही फक्त सरकारी कागदावर, कारण बोलताना सगळे ‘सटाणा तालुका’च म्हणतात. पण जुनं बागलाण याच्यापेक्षा बरंच मोठं होतं. आजचा सटाणा, कळवण आणि आसपासचा मुलूख धरून तो एक पूर्ण प्रांत होता. पश्चिमेला डांगचं जंगल आणि त्यापलीकडे गुजरात, उत्तरेला-पूर्वेला खानदेश, दक्षिणेला दख्खन. तीन मोठ्या मुलखांच्या मधोमध हा तुकडा अडकवून ठेवल्यासारखा बसलाय.

इथे सह्याद्रीतून पूर्वेकडे दोन रांगा फुटतात, सेलबारी आणि डोलबारी. या दोन रांगांच्या मधून मोसम नदी वाहते, मालेगावला जाऊन गिरणेला मिळते आणि गिरणेतून तापीला. आपण नाशिककर गोदावरीची माणसं. आपलं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. बागलाणचं पाणी तापीतून अरबी समुद्राला, सुरतेकडे जातं. जिल्हा एक असला तरी पाण्याचा ओढा वेगळा आहे, आणि इतिहासाचाही.

डोलबारी रांगेत साल्हेर आहे, उंची १५६७ मीटर. कळसूबाईनंतर महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि किल्ल्यांमध्ये तर सगळ्यात उंच. वर परशुरामाचं छोटं देऊळ आहे. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला अशी कथा सांगतात. शेजारी सालोटा. त्याच रांगेत मुल्हेर, मोरा आणि हरगड हे एकमेकांना खेटून उभे असलेले तीन किल्ले. समोरच्या सेलबारी रांगेत मांगी-तुंगीचे दोन सुळके, जैनांचं मोठं तीर्थ. त्यांच्या कड्यात जुन्या गुंफा आणि मूर्ती आहेत, आणि २०१६ साली तिथेच १०८ फुटांची ऋषभदेवांची मूर्ती उभी राहिली.

हे सगळे डोंगर लाव्हाच्या थरांचे. थर एकावर एक साचले, मऊ थर झिजले, कठीण थर कड्यासारखे उभे राहिले. म्हणून इथे डोंगराला तटबंदी फार बांधावी लागत नाही. अर्धा किल्ला निसर्गाने आधीच बांधून ठेवलाय. माणसाने फक्त दरवाजे बसवायचे आणि पाण्याची टाकी खोदायची.

मग वाट

पण नुसत्या डोंगरांनी राज्य होत नाही. डोंगर लपायला बरे असतात. तेराव्या शतकाच्या शेवटी दिल्लीच्या फौजेने गुजरात घेतला, तेव्हा तिथला राजा कर्ण वाघेला पळून बागलाणातच आला होता. पण तीनशे वर्षं टिकायचं तर पैसा लागतो, आणि बागलाणचा पैसा होता वाटेत.

सुरत हे त्या काळातलं मोठं बंदर. तिथे उतरलेला माल दख्खनमध्ये न्यायचा तर नवापूर, पिंपळनेर असं करत दौलताबादकडे यायचं. पिंपळनेरहून ताहराबादला उतरताना आजही सेलबारीची खिंड लागते. ही खिंड ज्याच्या ताब्यात, त्याला जकात. आणि जकातीच्या बदल्यात त्याने व्यापाऱ्यांना सुखरूप पलीकडे पोहोचवायचं.

हे काम करणारे राजे म्हणजे बागुल. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १६३८ पर्यंत, मुल्हेर ही त्यांची राजधानी. स्वतःला ते कनौजच्या राठोडांचे वंशज म्हणवत. नारायणशहा नावाच्या राजाच्या दरबारात रुद्रकवी नावाचा पंडित होता. त्याने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे संस्कृत काव्य लिहिलं, तब्बल वीस सर्गांचं. त्यात मुल्हेरचं नाव मयूरगिरी असं येतं, आणि वंशाचं मूळ थेट कैलासावर, शंकराच्या कपाळावरच्या चंद्रापाशी नेऊन जोडलेलं आहे. माझ्या गेममधल्या ‘जरा जास्तच’ वाटणाऱ्या राजांचा उगम हा असा. वंशावळ रचून घेणं तेव्हाच्या राजांना आवश्यकच होतं. चारी बाजूंना गुजरातचे सुलतान, बुऱ्हाणपूरचे फारुकी, अहमदनगरची निजामशाही असे शेजारी असताना आपणही कुणीतरी आहोत हे सांगावं लागतं.

त्यांचं नाणंही होतं. महमुदी नावाचं चांदीचं नाणं मुल्हेरच्या टांकसाळीत पाडलं जायचं आणि सुरतेकडच्या बाजारात चालायचं. डोंगरातल्या राजाचं नाणं बंदरावर चालतं, एवढ्यावरून त्या वाटेची किंमत कळते.

आता अकबर आणि जहांगीर काय म्हणतात ते बघा, कारण हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. अकबराच्या काळातल्या ‘आइन-ए-अकबरी’त बागलाणची नोंद आहे. डोंगराळ पण भरपूर वस्तीचा मुलूख, सात नावाजलेले किल्ले, त्यांतले दोन मुल्हेर आणि साल्हेर. आणि फळं! द्राक्षं आणि डाळिंबं. चारशे वर्षांपूर्वी! सटाण्याच्या मार्केटमध्ये आज उभे राहिलात तर हीच दोन नावं ऐकू येतील.

जहांगीर आपल्या आठवणींत जास्त मोकळा बोलतो. बागलाणचा राजा त्याच्या भेटीला आला होता. जहांगीर लिहितो, की तिथे झरे आणि वाहतं पाणी छान आहे, आंबे मोठे आणि फार गोड आहेत. द्राक्षं? द्राक्षं पुष्कळ आहेत, पण उत्तम प्रतीची नाहीत. आपल्या अर्ली द्राक्षवाल्यांनी हे वाचलं तर बादशहाला चांगलं ऐकवतील.

वाट गेली, राज्य गेलं

बागलाण पडलं कसं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. किल्ले तेच, डोंगर तेच. अकबराला जमलं नाही, मग १६३८ मध्ये काय बदललं?

उत्तर नकाशात आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बागलाण हा गेटवे होता. दोन वेगळ्या सिस्टिम्स एकमेकींशी थेट बोलत नाहीत, तोवर गेटवेला भाव असतो. अकबराच्या काळात पश्चिमेला गुजरात मोगलांचा झाला होता, आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर खानदेशही झाला. पण दक्षिणेला निजामशाही अजून झुंजत होती. बागलाणच्या राजाशी तडजोड करून वाट चालू ठेवणं मोगलांच्या फायद्याचं होतं. १६३६ मध्ये निजामशाही संपली. आता तिन्ही बाजूंना एकच सत्ता. तिला मधल्या दलालाची गरज उरली नाही.

त्याच वर्षी औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला. दीड वर्षात त्याची फौज मुल्हेरखाली येऊन थांबली. शेवटचा राजा भेरजी किल्ल्यावर गेला, वेढा पडला. आणि मग त्याने आपल्या आईला आणि मंत्र्याला किल्ल्यांच्या चाव्या देऊन खाली पाठवलं. बदल्यात मागितलं काय, तर सुलतानपूर परगणा.

मला हे दृश्य फार लागतं. तीनशे वर्षांचं राज्य, चंद्रापासूनचा वंश, आणि शेवटी चाव्यांचा जुडगा घेऊन मुल्हेरची वाट उतरणारी एक म्हातारी. पोवाडा होईल असं यात काही नाही. शूर होते की भित्रे, हा प्रश्नही मला लावावासा वाटत नाही. ज्या कारणाने राज्य उभं होतं, ते कारणच निघून गेलं होतं. मुल्हेरचं नाव मग औरंगगड झालं. ताहराबाद हे गावाचं नाव त्या मोहिमेतल्या मुहम्मद ताहिर या सरदारावरून पडलं असं म्हणतात. औरंगगड आता कुणाच्या तोंडात नाही. ताहराबाद मात्र आपण रोज एसटीच्या पाटीवर वाचतो.

याच वाटेने पुढे शिवाजी महाराज आले. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना ते बागलाणातूनच आले, आणि मग वणी-दिंडोरीची लढाई झाली. पुढच्याच वर्षी, १६७१ च्या जानेवारीत, साल्हेर मराठ्यांनी घेतला. मोगलांनी वेढा घातला, आणि फेब्रुवारी १६७२ मध्ये पायथ्याशी ती प्रसिद्ध लढाई झाली. मोरोपंत पिंगळे एका बाजूने, प्रतापराव गुजर दुसऱ्या बाजूने. मोगलांचा इखलासखान पकडला गेला. आपले सूर्यराव काकडे पडले. मोठ्या मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवलेली ही लढाई, म्हणून तिचं महत्त्व. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची मालिका युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात साल्हेर आहे. चांगलंच झालं. तेव्हापासून शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग असते, ड्रोन उडतात.

पण त्या रिल्समध्ये बागलाण हा शब्द मला क्वचितच ऐकू येतो. साल्हेर ‘नाशिकजवळ’ असतो. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला, तेव्हा बागलाण खानदेशातून काढून नाशिकला जोडलं. प्रांताचा तालुका झाला, आणि तालुक्याचंही नाव बोलण्यातून गेलं.

मग उरलं काय?

किल्ल्यांपेक्षा जास्त टिकलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, डोंगऱ्या देव. कोकणा आणि भिल्ल समाजांचा हा मार्गशीर्षातला उत्सव. बागलाण, कळवण, सुरगाणा आणि पलीकडे डांगमध्येही चालतो, म्हणजे राज्याची सीमा त्याने कधी मानलीच नाही. व्रत घेतलेले लोक काही दिवस घरदार सोडून एकत्र राहतात, पावरीच्या सुरावर गोल फेर धरून नाचतात, गावोगाव जातात आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरातल्या देवाकडे जातात. बागुलांच्या दरबारातलं काव्य छापील पुस्तकात शोधावं लागतं. हा देव दरवर्षी चालत येतो.

दुसरी, मुल्हेरची रासक्रीडा. उद्धव महाराजांच्या समाधीपाशी कोजागरीला मोठं चक्र सजवून वर चढवतात आणि रात्रभर पदं गातात. ती सगळी मराठी नसतात. वाटेवरच्या गावाने वाटेवरून आलेल्या भाषा ठेवून घेतल्या.

तिसरी गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. फड. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर आडवे छोटे बंधारे घालून पाटाने पाणी काढायचं. त्या पाटाखालची सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे तीन-चार भाग करायचे, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात फिरवायचं. प्रत्येकाची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात. त्यामुळे कुणाचं शेत पूर्ण भिजलं आणि कुणाचं पूर्ण वाळलं असं होत नाही. पाणी देणारा पाटकरी वेगळा, राखण करणारा जागल्या वेगळा. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. त्यांचा मोबदला गाव पिकातून द्यायचं.

काही शतकं हे चाललं. राजे बदलले, जिल्हा बदलला, पाटकरी आपलं काम करत राहिला. याला आज आपण काय काय नावं दिली असती! लोड बॅलन्सिंग, फेअर शेड्यूलिंग. गावात त्याला एवढंच म्हणायचे, “पाळी”.

विहिरी आल्या, मोटारी आल्या, वर धरणं झाली. ज्याचं त्याचं पाणी झालं. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या आजोबांनीही विहीर खोदलीच होती. वाटेची गरज संपली तसं राज्य गेलं, आणि एकमेकांच्या पाण्याची गरज संपली तसे बरेचसे फड गेले.

आता ते शेवटचं

पहिल्या वर्षाला हॉस्टेलमध्ये रूममेटने फोनवर माझं बोलणं ऐकलं. मी आजीशी बोलत होतो. ती विचारत होती, “कथा जाई ऱ्हायना रे?” कुठे चाललास, एवढंच. रूममेटला वाटलं मी गुजराती आहे. मग त्याची टिंगल झाली, फार काही नाही, पोरं करतात तशी. पण त्यानंतर आजीचा फोन आला की मी बाहेर गॅलरीत जायला लागलो. आणि हळूहळू मराठीतच उत्तरं द्यायला लागलो. ती अहिराणीत बोलायची, मी पुस्तकी मराठीत. शेवटची दोन वर्षं आम्ही असेच बोललो. आता ती नाही.

“गाव कुठलं?” असं विचारलं की मी “नाशिक” म्हणायचो. गेमच्या दिवशीही तेच. एका खऱ्या प्रांताला काल्पनिक म्हणून खपवणं मला सोपं वाटलं, आणि ‘मी तिथला’ म्हणणं अवघड.

यंदा वडिलांनी गावची जमीन विकायचं ठरवलं. काकांची डाळिंबाची बाग तेल्याने गेली, कर्ज आहे, आणि आम्ही दोघं भाऊ काही शेती करणार नाही. निर्णय चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही. कागदपत्रांसाठी गावी गेलो. सातबारा हातात घेतला तर त्यावर गट नंबर, क्षेत्र, आणेवारी. मी काकांना विचारलं, “आपलं हे शेत कोणत्या फडात होतं?” काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग बंधाऱ्याकडे तोंड करून एकेक बोट मोडत सांगायला लागले. वरला फड, मधला फड, आंबाना फड. आंब्याचं झाड त्यांच्याही लहानपणी नव्हतं. तरी नाव आंबाना फडच.

मी फोन काढला आणि रेकॉर्ड केलं. अकरा मिनिटं. त्यात मधेच काका म्हणतात, “लिखी ल्हे”, लिहून घे. ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आमच्या घराचा बागलाणचा कागद आहे. खरेदीखतात ते जाणार नाही.

इतिहास म्हटलं की आपण किल्ला चढतो, फोटो काढतो. काढा, साल्हेर चढाच, वरून दिसतं ते बघून वेड लागतं. पण उतरल्यावर पायथ्याच्या एखाद्या गावात थांबा आणि कुणा म्हाताऱ्या माणसाला दोन गोष्टी विचारा. हे पाणी कुठून कुठे जायचं? आणि या शेताला काय म्हणायचे? तुमचं स्वतःचं गाव असेल तर तिथेच विचारा. किल्ला पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

गेमचं काय झालं? गेल्या आठवड्यात मी त्या कागदावर माझ्या प्रांताचं नाव बदललं. आधी काहीतरी इंग्रजी वळणाचं ठेवलं होतं. आता मोठ्या अक्षरांत ‘बागलाण’ लिहिलंय. मित्राने विचारलं, “हे कुठून सुचलं?”

म्हटलं, “सुचलं नाही. माझं गाव आहे.”

पुढच्या भागात मुल्हेरच्या महमुदी नाण्याबद्दल सविस्तर बोलू. तोवर ऐकत राहा, आणि घरी जो कुणी अहिराणी बोलतो, त्याला आज एक फोन करा. उत्तर अहिराणीतच द्या. चुकलं तरी चालेल.